जुन्या छोट्या डेस्कटॉपचं ग्राफिक्स कार्ड बदलताना: आधी मोजमाप, मग खरेदी

कार्ड आधी मागवलं, घरी आल्यावर कॅबिनेट उघडलं आणि ते बसेना. छोट्या आकाराचे डेस्कटॉप वापरणाऱ्यांची ही तक्रार सारखी कानावर येते. बसलं तर वीज पुरत नाही, वीज पुरली तर स्क्रीन काळी राहते. यातल्या बहुतेक अडचणी कार्ड बसवताना होत नाहीत, त्या खरेदीच्या वेळीच ठरून गेलेल्या असतात. म्हणून या कामात कार्डाचं नाव सगळ्यात शेवटी ठरवायचं. आधी जागा, मग स्लॉट (मदरबोर्डवरची कार्ड खोचायची खाच), मग वीज, मग बायॉस (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) आणि त्यानंतर कार्ड. हा क्रम मोडू नका.

ऑफिसमधून निघालेले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर अशा संगणकांच्या छोट्या आवृत्त्या डोळ्यांसमोर ठेवून पुढचं लिहिलं आहे. बाकीच्या छोट्या कॅबिनेटनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

## टप्पा १: आपला संगणक कोणत्या आकाराचा, ते ओळखा

एकाच मॉडेल क्रमांकाचा संगणक तीन-चार आकारांत विकला जातो. नुसतं ‘ऑप्टिप्लेक्स ७०१०’ म्हणून भागत नाही. तो टॉवर आहे, स्मॉल फॉर्म फॅक्टर आहे की त्याहून लहान, हे कळायला हवं.

टॉवरमध्ये पूर्ण उंचीचं कार्ड बसतं. स्मॉल फॉर्म फॅक्टरमध्ये फक्त लो प्रोफाइल, म्हणजे बुटकं कार्ड बसतं. मायक्रो, टायनी किंवा मिनी नावाच्या तळहाताएवढ्या संगणकांत साधारणपणे ग्राफिक्स कार्डाचा स्लॉटच नसतो. मोजक्या मॉडेलांना जादा भाग लावून कार्ड बसवता येतं, पण तो या लेखाचा विषय नाही.

मागच्या बाजूच्या स्टिकरवरचा सेवा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाका आणि त्या नेमक्या आकाराची तांत्रिक पुस्तिका उतरवून घ्या. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर ती उघडावी लागणार आहे.

## टप्पा २: कॅबिनेट उघडा आणि पट्टीने मोजा

संगणक बंद करा, वीजेची केबल काढा, झाकण उघडा. काही संगणकांत हार्ड डिस्कचा किंवा डीव्हीडीचा सांगाडा वर उचलल्याशिवाय स्लॉट दिसत नाही. तो उचलण्याआधी केबलींचा फोटो काढून ठेवा.

तीन मापं लागतात.

उंची. लो प्रोफाइल कार्डाचा बोर्ड साधारण ६९ मिमी उंच असतो, पूर्ण उंचीचा साधारण १११ मिमी. कॅबिनेटच्या मागच्या बाजूला स्लॉटसमोरची लोखंडी पट्टी सुमारे ८ सेंमी असेल तर लो प्रोफाइल, १२ सेंमी असेल तर पूर्ण उंची.

लांबी. मागच्या पट्टीच्या आतल्या बाजूपासून पुढे पहिला अडथळा येईपर्यंत मोजा. हा अडथळा बहुतेकदा डिस्कचा सांगाडा असतो, कधी मेमरीच्या पट्ट्या, तर कधी साटा केबलचं, म्हणजे डिस्कला जोडणाऱ्या केबलचं, उभं टोक. केबलचं टोक लोक विसरतात आणि कार्ड शेवटच्या एका सेंटिमीटरला अडतं. तिथे काटकोनात वळलेल्या टोकाची केबल वापरली की काम होतं. सांगाडा खाली बसवल्यावर तो कुठपर्यंत येतो, हेही पाहा.

जाडी. सर्वांत जास्त चुका इथे होतात. कार्ड एका स्लॉटचं आहे की दोन स्लॉटचं, आणि दुसरा स्लॉट कोणत्या बाजूला अडवला जातो? नेहमीच्या रचनेत कार्डाचा पंखा प्रोसेसरपासून दूरच्या बाजूला तोंड करतो, त्यामुळे जाडीही त्याच बाजूला वाढते. आता कॅबिनेटमध्ये बघा: मुख्य स्लॉटच्या त्या बाजूला रिकामा स्लॉट आहे, की लगेच पॉवर सप्लाय किंवा पत्र्याची भिंत? अनेक स्मॉल फॉर्म फॅक्टर संगणकांत मुख्य स्लॉट अगदी कडेला असतो. तिथे दोन स्लॉटचं कार्ड बसणारच नाही, मग ते कितीही बुटकं असो. जेमतेम बसलं तरी पंख्याचं तोंड पत्र्याला टेकून हवा कोंडते.

> तपासा: तिन्ही मापं कागदावर लिहिली का? कार्डाच्या माहितीपत्रकातल्या आकड्यांशी ती जुळवायची आहेत. विक्रीच्या पानावरच्या फोटोवरून अंदाज करू नका.

## टप्पा ३: स्लॉट खरा किती रुंद, ते पाहा

कॅबिनेटमध्ये दोन लांब स्लॉट दिसले म्हणजे दोन्ही सारखे असं नाही. लांबी सोळा लेनची (लेन म्हणजे माहिती जाण्याची वाट), पण आतली जोडणी चारच लेनची, असा स्लॉट या संगणकांत सर्रास असतो. पुस्तिकेत, किंवा मदरबोर्डवर स्लॉटशेजारी बारीक अक्षरांत, खरी जोडणी लिहिलेली असते.

पिढीचंही महत्त्व आहे. स्लॉटच्या जोडणीचं प्रमाण म्हणजे पीसीआय एक्सप्रेस. इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या कोअर प्रोसेसरवर त्याचं २.० मिळतं, तिसऱ्या पिढीपासून, योग्य मदरबोर्ड असेल तर, ३.०. २.० च्या चार लेनमधून सेकंदाला साधारण २ जीबी माहिती जाते, ३.० च्या सोळा लेनमधून जवळपास १६ जीबी. काही नवी स्वस्त कार्डं स्वतःच चार लेनची असतात. एएमडीचं आरएक्स ६४०० हे त्यातलं ठळक उदाहरण. ते ४.० साठी बनवलेलं आहे. जुन्या २.० च्या मदरबोर्डवर त्याला चारच लेन मिळतात आणि त्याही चौथाई वेगाच्या. कार्डाची मेमरी भरली की खेळ अडखळू लागतो. म्हणून २.० वाल्या संगणकासाठी हे कार्ड मी सुचवत नाही.

## टप्पा ४: वीजेचा हिशेब करा

घाई करून चालणार नाही, असा हा टप्पा आहे. चुकीच्या आकाराचं कार्ड परत करता येतं. ताण पडून गेलेला पॉवर सप्लाय कधीकधी मदरबोर्डलाही सोबत घेऊन जातो.

पीसीआय एक्सप्रेसच्या नियमानुसार सोळा लेनच्या स्लॉटमधून ग्राफिक्स कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळू शकतात. यातले सुमारे ६६ वॉट १२ व्होल्टच्या वाहिनीवरून येतात, उरलेले ३.३ व्होल्टवरून. पण ही वरची मर्यादा झाली. छोट्या कॅबिनेटच्या काही मॉडेलांत कंपनीने स्लॉटला ७५ ऐवजी ३५ किंवा २५ वॉटचीच मर्यादा घातलेली असते. कोणी ७५ वॉटचं कार्ड तिथे चालवून दाखवलं म्हणजे ते तुमच्याकडे वर्षभर टिकेल, असा अर्थ होत नाही. पुस्तिकेतला आकडा हाच तुमचा आकडा.

आता पॉवर सप्लायचं स्टिकर वाचा. या संगणकांत तो बहुधा २४० ते २५५ वॉटचा असतो. एकूण वॉटपेक्षा १२ व्होल्टच्या ओळी बघा, कारण प्रोसेसर आणि कार्ड दोघंही तिथूनच वीज घेतात. दोन-तीन ओळी असतील तर त्यांचे अँपियर सरळ बेरजेने धरू नका. सगळ्यांची मिळून कमाल मर्यादा स्टिकरवर वेगळी लिहिलेली असते.

मग बेरीज करा. कोअर आय५-४५७० सारखा प्रोसेसर ८४ वॉटचा. मदरबोर्ड, मेमरी, डिस्क आणि पंखे मिळून ४० वॉट धरू. कार्ड ७५ वॉटचं घेतलं तर बेरीज १९९ होते. २४० च्या सप्लायवर हे कागदावर बसतं, पण सप्लाय दहा वर्षांचा असेल तर त्यात फारशी उसंत उरत नाही. ५० वॉटचं कार्ड घेतलं तर बेरीज १७४ वर येते. जुन्या सप्लायसाठी मी या दुसऱ्या बेरजेच्या आसपास राहायला सांगेन.

> सावधान: ज्या कार्डाला वेगळा सहा किंवा आठ पिनांचा वीज कनेक्टर लागतो, ते अशा संगणकासाठी घेऊ नका. साटाच्या वीज कनेक्टरवरून सहा पिन काढून देणारे अडॅप्टर सहज मिळतात, पण साटा कनेक्टरची १२ व्होल्टची क्षमता साधारण ५४ वॉट आणि सहा पिनांकडून अपेक्षा ७५ वॉटची. प्लास्टिक वितळतं, कधी पेटही घेतं.

सप्लायच बदलू, असं अनेकांच्या मनात येतं. कॅबिनेटमधली जागा वेगळ्या आकाराची आणि मदरबोर्डचा वीज कनेक्टरही कंपनीचा स्वतःचा, त्यामुळे बाजारातला साधा सप्लाय बहुधा बसत नाही. तेवढी खटपट करायची असेल तर तोच संगणक टॉवर आकारात शोधणं जास्त शहाणपणाचं.

## टप्पा ५: बायॉस आणि ऑपरेटिंग सिस्टिम

२०१२ च्या आधीच्या अनेक संगणकांत जुन्या पद्धतीचं बायॉस असतं, त्यानंतर युईएफआय हा त्याचा नवा प्रकार रुळला. नवं कार्ड आणि जुनं बायॉस यांची ओळख पटली नाही, तर विंडोज सुरू होण्याआधी पडद्यावर काहीच दिसत नाही. उलटंही होतं: फार जुनं कार्ड सिक्युअर बूट (सही तपासूनच प्रोग्रॅम सुरू होऊ देणारी सुरक्षा) चालू असलेल्या संगणकात चित्र देत नाही.

तुमच्या मॉडेलचं सर्वांत अलीकडचं बायॉस कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्या आणि ते कार्ड बसवण्याआधी टाका. डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची बिटलॉकर सोय चालू असेल तर त्याआधी टप्पा ७ वाचा. जुन्या डिस्प्लेवर सगळं दिसत असताना हे काम सोपं असतं. कार्ड लावून स्क्रीन काळी पडल्यावर ते कसं करणार?

विंडोज ७ वर असाल तर आज नव्याने येणाऱ्या कार्डांना ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला कार्ड चालवता येण्यासाठी लागणारा प्रोग्रॅम, मिळणार नाही. एनव्हिडियाची पास्कल पिढी, म्हणजे जीटी १०३०, जीटीएक्स १०५० टीआय आणि क्वाड्रोतली पी मालिका, हिच्यासाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर येणं २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये थांबलं; आता फक्त सुरक्षेपुरत्या सुधारणा येतात. ही कार्डं निकामी झाली असं नाही, पण खेळांसाठी जुनं कार्ड घेताना हे लक्षात असू द्या.

## टप्पा ६: आता कार्ड निवडा

हाताशी मापं, लेन, वॉट आणि बायॉसची माहिती आली. आता यादी आपोआप आखूड होते.

एका स्लॉटची जागा आणि कमी वीज असेल तर एनव्हिडियाची टी मालिका मला सर्वांत भरवशाची वाटते: टी४०० ३० वॉट, टी६०० ४० वॉट, टी१००० ५० वॉट. तिन्ही लो प्रोफाइल, एका स्लॉटची आणि वेगळ्या वीज कनेक्टरशिवाय चालणारी. यांच्यावर छोटे डिस्प्लेपोर्ट असतात, त्यामुळे अडॅप्टरची सोय आधीच करा. दोन स्लॉटची जागा आणि खरोखरच ७५ वॉट देणारा स्लॉट असेल तर जीटीएक्स १६५० ची बुटकी आवृत्ती, ७० वॉटचं आरटीएक्स ए२००० किंवा ७० वॉटचं आरटीएक्स ३०५० ६ जीबी.

नुसत्या नावावर विसंबू नका. आरटीएक्स ३०५० च्या ८ जीबी आवृत्तीला वेगळा वीज कनेक्टर लागतो. जीटीएक्स १६५० च्या काही कार्डांवरही सहा पिन असतात. जीटी १०३० ची डीडीआर४ मेमरीवाली आवृत्ती जीडीडीआर५ वाल्यापेक्षा बरीच संथ आहे, कारण तिच्या मेमरीचा वेग निम्म्याहूनही कमी आहे. खोक्यावर नाव मात्र एकच.

इंटेलची आर्क ए३१० आणि ए३८० कार्डं जागेत बसतात म्हणून मोह होतो. त्यांना रिसायझेबल बार नावाची, प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी, सोय लागते आणि ती जुन्या मदरबोर्डवर नसते. त्याशिवाय खेळांतली कामगिरी फार घसरते. दहाव्या पिढीआधीच्या इंटेल संगणकात खेळांसाठी ही घेऊ नका.

वापरलेलं कार्ड घेत असाल तर सोबत लो प्रोफाइल ब्रॅकेट (कार्ड कॅबिनेटला अडकवणारी पत्र्याची पट्टी) आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा. बुटक्या कार्डावर उंच ब्रॅकेट लावूनच अनेक कार्डं विकली जातात आणि छोटा ब्रॅकेट हरवलेला असतो. ब्रॅकेटशिवाय कार्ड स्लॉटमध्ये लोंबकळत ठेवू नका. मॉनिटरची केबल ओढली गेली की सगळा भार स्लॉटवर येतो.

> तपासा: मॉनिटरला कोणती केबल लागते? आजच्या कार्डांवर जुना निळा व्हीजीए नसतो. डीव्हीआय-डी मधून साध्या अडॅप्टरने व्हीजीए निघत नाही. त्यासाठी सिग्नल बदलून देणारा सक्रिय कन्व्हर्टर लागतो.

## टप्पा ७: बसवण्याआधीची तयारी

कामाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या.

बिटलॉकर चालू असेल तर त्याचं संरक्षण तात्पुरतं थांबवा आणि ४८ अंकी रिकव्हरी की संगणकाबाहेर कुठेतरी लिहून ठेवा. बायॉस किंवा कार्ड बदललं की बिटलॉकर ती की मागू शकतो, आणि ती नसेल तर तुमचीच डिस्क तुम्हाला बंद होते. खरं तर हे काम टप्पा ५ मधलं बायॉस टाकण्याच्याही आधीचं आहे.

आधीपासून वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याचा ड्रायव्हर काढा. एका कंपनीकडून दुसरीकडे जात असाल तर सेफ मोडमध्ये डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हा ड्रायव्हर मुळासकट काढणारा प्रोग्रॅम चालवणं चांगलं. फक्त मदरबोर्डवरचं ग्राफिक्स वापरत असाल तर काही काढायची गरज नाही.

## टप्पा ८: कार्ड बसवा

1. संगणक बंद करून वीजेची केबल भिंतीतून काढा, मग चालू करायचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. मदरबोर्डवरचा बारीक दिवा विझला पाहिजे.
2. संगणक सपाट, कोरड्या पृष्ठभागावर ठेवा. कार्डाला हात लावण्याआधी आणि अधूनमधून कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला स्पर्श करा.
3. कार्डाचा ब्रॅकेट बदलायचा असेल तर आत्ताच बदला. डीव्हीआयच्या दोन्ही बाजूंचे षटकोनी स्क्रू ५ मिमीच्या पान्याने सुटतात. पकडीने पिळले तर त्यांच्या कडा झिजतात.
4. मागच्या बाजूचा अडसर उघडा आणि स्लॉटसमोरची पट्टी काढा.
5. जुनं कार्ड असेल तर स्लॉटच्या टोकाची खिट्टी आधी दाबा, मगच ते वर उचला. खिट्टी न दाबता ओढलं तर स्लॉटच उखडतो.
6. नवं कार्ड कडांना धरून सरळ खाली दाबा. खिट्टीचा टक् आवाज यायला हवा. ब्रॅकेटचं खालचं टोक कॅबिनेटच्या खाचेत गेलं नसेल तर कार्ड तिरकं बसतं. बाहेरून ते नीट दिसतं, पण चित्र देत नाही.
7. मागचा अडसर बंद करा. केबली पंख्यापासून दूर वळवा, डिस्कचा सांगाडा परत बसवा.

> तपासा: कार्डाचे सोनेरी संपर्क स्लॉटबाहेर एका टोकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी दिसतात का? तसं असेल तर काढून पुन्हा बसवा. सांगाडा बसवताना डिस्कची केबल निघाली नाही ना, तेही पाहा.

## टप्पा ९: पहिल्यांदा चालू करताना

मॉनिटरची केबल मदरबोर्डवरून काढून नव्या कार्डाला लावा. ती जुन्याच जागी राहिली, हे काळ्या स्क्रीनचं सर्वांत नेहमीचं कारण आहे.

तरीही चित्र नसेल तर या क्रमाने जा: दुसरी केबल किंवा कार्डाचं दुसरं पोर्ट, कार्ड काढून पुन्हा बसवणं, कार्ड काढून जुन्या डिस्प्लेवर संगणक चालतो का ते पाहणं. तो चालत असेल तर बायॉसमध्ये प्राथमिक डिस्प्ले ‘ऑटो’ किंवा पीसीआय एक्सप्रेसवर आहे का बघा. जुनं कार्ड लावलेलं असेल तर सिक्युअर बूट बंद करून पाहा; बिटलॉकरचं संरक्षण तोवर थांबलेलंच असू द्या. चालू होण्याच्या बटणाचा दिवा लुकलुकत असेल किंवा बीप येत असतील तर त्यांची संख्या मोजा. त्यांचा अर्थ पुस्तिकेत असतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर नेमकी अडचण कशात होती, ते कधीच कळत नाही.

## टप्पा १०: ड्रायव्हर आणि परीक्षा

ड्रायव्हर कार्डाची चिप बनवणाऱ्या कंपनीच्या, म्हणजे एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेलच्या संकेतस्थळावरूनच घ्या. बसल्यावर संगणक पुन्हा सुरू करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ दिसत असेल तर ड्रायव्हर बसलेला नाही.

मग कार्डाची माहिती दाखवणारा जीपीयू-झेड प्रोग्रॅम उघडा. कार्डाचं नाव, मेमरीचा प्रकार आणि बस जोडणी तिघांकडे बघा. वापरलेल्या बाजारात जुन्या चिपवर नव्या नावाचं बायॉस भरून कार्डं विकली जातात. अशा अनेक कार्डांना हा प्रोग्रॅम नावापुढे ‘फेक’ असं दाखवतो. बस जोडणीचा आकडा मोकळ्या वेळी १.१ दिसला तर घाबरू नका. वीज वाचवण्यासाठी कार्ड वेग उतरवतं. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून चाचणी चालवली की खरा आकडा दिसतो. लेन मात्र मोकळ्या वेळीही अपेक्षेपेक्षा कमी दिसल्या, तर कार्ड चुकीच्या स्लॉटमध्ये आहे किंवा नीट बसलेलं नाही.

आता झाकण लावून परीक्षा घ्या. उघड्या कॅबिनेटमधलं तापमान खोटा दिलासा देतं. अर्धा तास खरा ताण द्या, मग तो खेळ असो की व्हिडिओ संपादन, आणि तापमान नोंदवत राहा. ८० अंश सेल्सिअसच्या आत स्थिरावलं तर छान. ८५ च्या वर चढत राहिलं तर पंख्यासमोर केबल आली आहे का आणि कॅबिनेटचा पुढचा पंखा धुळीने भरला आहे का, ते बघा.

संगणक ताणाखाली अचानक बंद पडला किंवा आपोआप पुन्हा सुरू झाला तर संशय आधी पॉवर सप्लायवर घ्या. चित्र गोठलं, पडदा क्षणभर काळा होऊन परत आला, तर आधी ड्रायव्हर आणि तापमान तपासा. पहिल्या प्रकारात कार्ड लगेच काढा आणि टप्पा ४ मधली बेरीज पुन्हा मांडा. ‘चालतंय तोवर चालवू’ असं इथे करू नका.

ताण देऊनही खेळाचा वेग वाढला नसेल तर प्रोसेसर आणि मेमरी बघा. कार्ड निम्म्याच वापरात आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांवर असेल तर कार्डाचा दोष नाही. मेमरीची एकच पट्टी असेल तर त्याच क्षमतेची दुसरी जोडा. जुन्या संगणकात याने बऱ्याचदा जाणवण्याइतका फरक पडतो.

सगळं ठीक चाललं की बिटलॉकरचं संरक्षण पुन्हा चालू करा, सिक्युअर बूट बंद केलं असेल आणि ते चालू ठेवूनही चित्र येत असेल तर तेही पूर्ववत करा. मागून काढलेली पट्टी आणि उंच ब्रॅकेट स्क्रूंसह एका पाकिटात घालून कार्डाच्या खोक्यात ठेवा. पुढे कार्ड विकताना घेणारा तो ब्रॅकेट मागणार आहे.